गरम इंजिनाची तक्रार, थंड इंजिनाची तपासणी

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आहे. घरगुती मसाले आणि चटण्या घेऊन त्या आठवड्यातून दोनदा पुण्याला जातात. गाडी पेट्रोलवरची, सहा वर्षांची, वॉरंटी संपलेली. सकाळी घरून एका झटक्यात सुरू होते. पण परतताना खंबाटकी चढून उतरून सुरूरला चहाला थांबल्या आणि दहा-पंधरा मिनिटांनी चावी फिरवली की सेल्फ जोरात फिरतो, गाडी मात्र उचलत नाही. अर्धा तास बसून राहिलं की आपोआप सुरू होते. पुण्यातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने पहिल्या खेपेला बॅटरी बदलली (6,200 रुपये), दुसऱ्या खेपेला प्लग आणि फ्युएल पंप (18,400 रुपये). तिसऱ्यांदा न विचारताच इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) साफ करून 7,800 रुपयांचं बिल लावलं. ते भरल्याशिवाय गाडी देणार नाही म्हणतात. दोष जागच्या जागी. ताई विचारतात: पोलिसांत जाऊ का? कंपनीकडून नवी गाडी मागता येईल का? बाहेरचा मिस्त्री म्हणतो तसा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या संगणकाला कळवणारा भाग) बदलून टाकू का?

ताई, पोलिसांकडे जाऊ नका. तुम्हाला वाटतं तशी ही चोरी नाही. भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 170 असं सांगतं की दिलेल्या वस्तूवर कारागिराने कष्ट आणि कौशल्य खर्चून काम केलं असेल, तर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क त्याला आहे. शिंप्याला आहे, घड्याळजीला आहे, तसाच गॅरेजलाही. हा हक्क त्याच कामाच्या योग्य मोबदल्यापुरता असतो, आणि सांगितलंच नव्हतं त्या कामाचा मोबदला कसला, हा तुमचा युक्तिवाद खराच आहे. पण तो फाटकावर उभं राहून जिंकायचा नसतो. तुमचा धंदा गाडीवर चालतो. 7,800 रुपये यूपीआयने किंवा चेकने भरा, रोख नको, आणि त्याच दिवशी ईमेल करा: ‘सदर रक्कम माझा आक्षेप व कायदेशीर हक्क राखून, केवळ गाडी ताब्यात मिळावी म्हणून भरत आहे.’ असं लिहून ठेवलं की पैसे भरले म्हणजे बिल मान्य केलं, असं पुढे कोणाला सहज म्हणता येत नाही.

नवी गाडी विसरा. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर क्लचच्या तक्रारीचं एक प्रकरण होतं. ग्राहकाला गाडी बदलून देण्याचा खालचा आदेश न्यायालयाने रद्द केला, सदोष भाग बदलून द्यायला सांगितलं आणि पन्नास हजारांची भरपाई दिली. आणि ती गाडी तर वॉरंटीतली होती. सहा वर्षं चाललेल्या गाडीतला सेन्सर गेला म्हणून तो निर्मितीतला दोष ठरवणं अवघड. कंपनीला पक्षकार केलंत तर तिचा वकील येईल, तारखा वाढतील, हाती काही लागणार नाही.

आता मुद्द्याचं बोलू. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की ‘त्यांना दोष सापडला नाही म्हणजे त्यांची चूक’. कायदा असं मानत नाही. डॉक्टरचं निदान चुकलं एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही, तसंच मेकॅनिकचंही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सेवेतील त्रुटी म्हणजे कामाच्या दर्जात, पद्धतीत राहिलेली उणीव. तेव्हा ‘गाडी बरी झाली नाही’ एवढं पुरत नाही. ज्या स्थितीत ती बिघडते त्या स्थितीत ती तपासलीच नाही, हे दाखवावं लागेल.

आणि ते तुमच्याच फोनमध्ये आहे! सुरूरच्या टपरीसमोर काढलेला व्हिडिओ तुम्ही जाता जाता उल्लेखता. मला विचाराल तर सगळ्या पत्रात तीच कामाची गोष्ट आहे. त्यात सेल्फ ठणठणीत फिरतोय. बॅटरी मेली असती तर तो रडत-रखडत फिरला असता किंवा नुसता टकटक वाजला असता. म्हणजे हा व्हिडिओ दाखवूनही बॅटरी बदलली असेल, तर तक्रार न ऐकताच भाग बदलला. तो तुम्ही दाखवला की नाही, कधी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला का, हे आधी शोधा. मूळ फाइल फोनमधून काढू नका आणि फोनही विकू नका. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडायचं असतं.

मी मेकॅनिक नाही, पण अशी प्रकरणं चालवताना थोडं शिकावं लागतं. इंजिन बंद झालं की त्याला थंड ठेवणारं पाणी खेळायचं थांबतं आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते. क्रँक सेन्सरमधली जुनी वायंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, त्या उष्णतेत तुटक होते, सिग्नल जात नाही, ठिणगी पडत नाही. निवलं की पुन्हा जुळतं. म्हणून तुमचा तो अर्धा तास. पण याच लक्षणाला दुसरे संशयितही आहेत: पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल तर पेट्रोलचं प्रमाण बिघडतं, किंवा इंजेक्टर गळून इंजिनात पेट्रोल जास्त होतं. फ्युएल पंपावर संशय घेणं म्हणजे मूर्खपणा नव्हे. प्रश्न एवढाच की पंप बदलण्याआधी गेज लावून प्रेशर मोजलं का, आणि गरम गाडीवर मोजलं का? स्कॅनरचा अहवाल आणि प्रेशरचा आकडा लेखी मागा. जुना पंपही मागा. मोजल्याची नोंद असेल तर दुसऱ्या बिलाबाबत तुमची बाजू लंगडी आहे, हे आताच सांगतो. नोंद नसेल तर त्यांची.

तुमची जॉब कार्डं, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहून सही घेतात ते कागद, मात्र निराशाजनक आहेत. तिन्हींवर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ एवढंच. ‘गरम असताना’ हा शब्द एकदाही नाही. खाली कोणीतरी लिहिलंय, ‘तपासले, दोष आढळला नाही’. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तपासली तर आढळणार काय? पण सही तुमची आहे, आणि समोरचा वकील तीच दाखवेल.

म्हणून सेन्सर लगेच बदलू नका. गाडी ताब्यात आली की सेंटरला आणखी एक ईमेल करा: सात दिवसांत, किमान तासभर चालवलेल्या गाडीवर, माझ्यासमोर तपासणी करा. आले तर उत्तम. नाही आले तर परवानाधारक सर्व्हेयर किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ऑटोमोबाईलच्या प्राध्यापकांकडून गरम इंजिनावर तपासून लेखी अहवाल घ्या. मग मिस्त्रीकडून बदला. पक्कं बिल घ्या, काढलेला सेन्सर पिशवीत सीलबंद ठेवा, मिस्त्रीला प्रतिज्ञापत्र द्यायला तयार करा. हे शेवटचं सर्वांत कठीण. मिस्त्री गाडी दुरुस्त करतो, पण ग्राहक आयोगासमोर सही करायला बिचकतो.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच दाखल करता येईल. 2019 च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथे ती सोय दिली आहे, पुण्याला खेटे नकोत. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि नुसत्या ईमेलच्या देवाणघेवाणीने ती लांबत नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून पाहा. अनेक सेंटरं तिथेच नरमतात. एक आक्षेप येईलच: गाडी धंद्याची, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, पण हे तक्रारीतच मांडायला हवं. आपण एकट्याच हा उद्योग करतो, गाडी स्वतः चालवतो, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

मागणी बेताची ठेवा. 7,800 रुपये पूर्ण, कारण तिथे संमतीच नव्हती. पंपाचे पैसे, नोंदी नसतील तर. बॅटरीचे पूर्ण मिळतील असं मी म्हणणार नाही. ती नवी बॅटरी शेवटी तुम्ही वापरताय. टोइंगच्या पावत्या, बुडालेल्या फेऱ्या, मनस्तापाची वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च. पाच लाख मागून पंचवीस हजार मिळवलेले लोक मी पाहिले आहेत, आणि ते हरल्यासारखे घरी जातात.

गाडी आणायला जाल तेव्हा डिलिव्हरीच्या कागदावर ‘काम समाधानकारक’ असं छापलेलं असेल आणि पोरगा पेन पुढे करेल. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: ‘गाडी थंड असताना सुरू झाली. गरम असताना माझ्यासमोर तपासलेली नाही.’ मग सही करा आणि कागदाचा फोटो काढा.