ओझोनला भोक पडतं की थर विरतो?

प्रश्न असा आहे: बातमीत 'ओझोनला भगदाड', कुठे 'ओझोन छिद्र', कुठे 'ओझोन विवर'. नेमका शब्द कोणता?

माझ्या मते इथलं खरं क्रियापद 'विरणे'. जुनं सुती लुगडं धुऊन धुऊन विरतं; उजेडाकडे धरलं की पलीकडची खिडकी दिसते, तरी बोट आरपार जात नाही. दक्षिण ध्रुवावर तसंच होतं. डोक्यावरच्या हवेतला सगळा ओझोन जमिनीवर आणला तर एरवी त्याची जाडी जेमतेम 3 मिलिमीटर भरते. ती 2.2 च्या खाली गेली की शास्त्रज्ञ 'होल' म्हणतात. वाईट वर्षी ती 1 मिलिमीटरपर्यंत उतरते, पण शून्य होत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जो फार्मन आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावरची मोजमापं छापली, तेव्हा त्यांच्याही शीर्षकात 'होल' नव्हतं. होती ती ओझोनची 'मोठी घट'.

'भगदाड' तर मुळीच नको. भगदाड भिंतीला, धक्क्याने पडतं. इथे काम गुपचूप चालतं. ध्रुवीय रात्रीत तापमान उणे 78 अंशांखाली गेलं की उंचावर बर्फाचे आणि नत्राम्लाचे (नायट्रिक ॲसिडचे) ढग धरतात. त्या कणांवर, एरवी निरुपद्रवी असलेल्या क्लोरीनच्या संयुगांतून क्लोरीन वायू सुटतो. ऑगस्ट-सप्टेंबरात सूर्य परतला की त्याचे अणू सुटे होतात. ओझोन मोडायचा, पुन्हा मोकळं व्हायचं, पुन्हा मोडायचा. एकेक अणू हे हजारो वेळा करतो.

'छिद्रा'ची बाजूही मांडायला हवी. साधारण 14 ते 20 किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात ऑक्टोबरात ओझोन जवळपास संपतोच. वर आहे, खाली आहे, मध्ये नाही. त्या पट्ट्यापुरतं बोलायचं तर मी 'पोकळी' म्हणेन. 'विवर' म्हटलं की लोणार आठवतं, खोल आणि कायमचं. ही पोकळी मात्र साधारण डिसेंबरपर्यंत दरवर्षी भरून निघते.

आणि सुधारणेबद्दल लिहिताना 'थर सांधला' नको, 'भरून येतोय' लिहा. ओझोन मोडणाऱ्या रसायनांना आळा घालणाऱ्या 1987 च्या माँट्रियल करारानंतर हवेतला क्लोरीन हळूहळू घटतोय. अंटार्क्टिकावर ओझोनची 1980 ची पातळी 2066 च्या सुमारास परत येईल असा अंदाज आहे. ओझोन सूर्यप्रकाशात सतत नव्याने बनतच असतो, त्याला टाके घालावे लागत नाहीत.