जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं की आतली काळी पाचर मिटवून दाखवणारा डोळ्यासारखा व्हॉल्व्ह) हिरवा पेटतो पण स्टेशन लागलं तरी मिटत नाही, व्हॉल्व्ह गेला का?

बहुतेक नाही, आधी १ मेगओहमचा रेझिस्टर बघा. ६ई५ सारख्या (हा मॅजिक आयचा एक प्रकार) डोळ्यात तो टार्गेट (हिरवा चमकणारा पडदा) आणि ट्रायोडच्या (त्याच व्हॉल्व्हमधला सिग्नल वाढवणारा भाग) प्लेटच्या मध्ये असतो, बऱ्याचदा सॉकेटच्या टोपीतच लपवलेला, आणि वर्षानुवर्षं तापून व्हॅल्यू चढते नाहीतर सरळ ओपन होतो, मग उजेड येतो पण काळी पाचर उघडी ती उघडीच. मी असे सेट उघडतो तेव्हा पहिलं तिथेच मीटर लावतो, प्लग काढून, कॅपॅसिटर डिस्चार्ज करून (२०० व्होल्टच्या वर असतात, मस्करी नाही) आणि डोळा सॉकेटमधून उपसून. रेझिस्टर ठीक निघाला तर एव्हीसी लाइनचा (आवाज आपोआप सारखा ठेवणारी, डोळ्याला सिग्नलही हीच देते) कॅपॅसिटर लीक असेल. मात्र पाचर हलते पण उजेडच मेलाय असं असेल तर फॉस्फर (टार्गेटवरचा चमकणारा लेप) संपलंय, तिथे नवीन व्हॉल्व्हच.