वाचक विचारतात : कॉलेजात नसलेलं गणित

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. कॉलेजात मॅट्रिक्सच्या पुढचं काही विचारलं की सर म्हणतात, 'ते इंजिनिअरिंगला'. मला लिनियर अल्जिब्रा, म्हणजे मॅट्रिक्स आणि व्हेक्टरचं पुढचं गणित, आत्ताच शिकायचंय. ऑनलाइन कोर्स केला तर बोर्डात मार्क मिळतील का? एक मैत्रीण अमेरिकेचं एपी कॅल्क्युलस (शाळेत असतानाच करायचा कॉलेज पातळीचा कोर्स) करतेय, ते करू का? बाबा म्हणतात, आधी बारावी. – एक वाचक, पुणे ४१

उत्तर : बोर्डात मार्क मिळणार नाहीत. गुणपत्रिकेत त्या कोर्सची ओळसुद्धा येणार नाही, हे धरूनच सुरू कर.

एपी तुझ्या मैत्रिणीच्या कामाचं असेल, तिला बहुधा परदेशी अर्ज करायचे असतील. तिला एकच सांग : ऑनलाइन क्लासची फी भरली म्हणजे परीक्षेला जागा मिळाली असं नाही. मे महिन्यातली ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, तेव्हा आधी केंद्र विचारायचं, मग क्लास.

तुला एनपीटीईएल, म्हणजे सरकारी मदतीवर चालणारे ऑनलाइन कोर्स, पुरेल. आयआयटी आणि आयआयएससीचे प्राध्यापक शिकवतात, शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी आहे. बारा आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला असाइनमेंट. त्यांतल्या चांगल्या आठ धरून २५ गुण, परीक्षेचे ७५. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं.

मी निवृत्तीनंतर लिनियर अल्जिब्राच तिथे केला. तीस वर्षं बारावीला गणित शिकवलेला माणूस! पहिले तीन आठवडे चहा पीत व्हिडिओ पाहिले, सगळं कळतंय असं वाटलं. चौथ्या असाइनमेंटला दहापैकी चार. पेन हातात घेतलंच नव्हतं ना. मग फळ्यावर उदाहरण आलं की व्हिडिओ थांबवायला लागलो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर स्वतः सोडवायचं, अगदीच अडलं तर पुढे सरकायचं. अर्ध्या तासाच्या व्हिडिओला दीड तास जायचा. गुरुवारी लाइट गेली की नुसतं कॅलेंडर.

नाव नोंदवण्याआधी एक करून बघ. वरच्या ओळीत २, १ आणि खालच्या ओळीत १, २ असा मॅट्रिक्स घे. त्याने (१, १) या व्हेक्टरला, म्हणजे दिशा आणि लांबी असलेल्या बाणाला, गुण. उत्तर (३, ३) : दिशा तीच, लांबी तिप्पट. आता (१, ०) ला गुण, (२, १) येईल, दिशा वळली. काही व्हेक्टर वळतात, काही वळत नाहीत, असं का, हे तुला रात्री झोपू देत नसेल तर कोर्स घे. नाहीतर बाबांचं ऐक.

घेतलास तर एकच, आणि जुलैचा. जानेवारीच्या कोर्सची परीक्षा एप्रिलच्या सुमारास येते. यंदा अकरावीत ते जमेलही, पण पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा असताना दर आठवड्याची असाइनमेंट कुठे भरणार? बाबांना तारखांचा कागदच दाखव, वाद निम्मा होईल.

आणि वही तपासायला कुणीतरी शोध. असाइनमेंटचे पर्याय मशीन तपासतं, पण तू मांडलेली सिद्धता कुणी वाचत नाही. तुझ्याच सरांना विचार, शाळेनंतर दहा मिनिटं. 'इंजिनिअरिंगला' म्हणणारे सर वही समोर आली की बहुतेक वेळा बसतात. नाहीच बसले, तर एरंडवण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, गणित ऑलिंपियाड स्पर्धेची मुलं तिथे जातात, एकदा जाऊन बघ.

(१, –१) चं काय होतं ते मात्र मी सांगत नाही. काढ आणि पुढच्या पत्रात लिही.