घरच्या सामाईक कॉम्प्युटरवर कीपासची फाईल सुरक्षित कशी ठेवू?

तुम्ही लिहिलंय की घरात एकच कॉम्प्युटर, पुतण्यांपासून सगळे तो वापरतात, आणि कोणी कीपासची, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवणाऱ्या प्रोग्रामची, फाईल पेन ड्राइव्हवर उचलून नेली तर काय, ही धास्ती.

नेऊ द्या भाऊ. मास्टर पासवर्ड, म्हणजे ती फाईल उघडणारा एकच पासवर्ड, दमदार असेल तर त्या फाईलमधून कोणाच्या हाती काही लागत नाही. आत एईएस-२५६ या भक्कम एन्क्रिप्शनचं कुलूप आहे. डेटाबेस सेटिंगमध्ये आर्गॉन२ ही पासवर्डपासून किल्ली बनवायची मुद्दाम जड पद्धत निवडली असेल तर प्रत्येक चुकीच्या अंदाजाला चोराचा वेळ आणि मेमरी दोन्ही खर्ची पडतात.

पण दमदार म्हणजे कसा? 'गण गण गणात बोते' नको. आपल्या भागात तो अंदाज शाळकरी पोरगंही बांधेल. पोरांची नावं, मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, हेही नको. डाइसवेअर नावाची ७,७७६ शब्दांची यादी मिळते. लुडोचा फासा पाच वेळा टाकला की त्यातला एक शब्द ठरतो. असे सहा शब्द घ्या. शब्द मनानं निवडू नका, मन नेहमी ओळखीच्याच वाटेनं जातं.

खरी भीती कॉम्प्युटरचीच आहे. तालुक्याच्या दुकानात फॉरमॅट मारून क्रॅक केलेलं विंडोज टाकून देतात, तेही अँटिव्हायरस बंद करून. त्यात कीलॉगर, म्हणजे तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ चोरून टिपणारा प्रोग्राम, बसला असेल तर तुम्ही मास्टर पासवर्ड टाइप केला की गेलाच. मग सहा शब्द असोत की साठ. विंडोज परवडत नसेल तर त्याच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका, फुकट आहे, कीपासची फाईल उघडणारा कीपासएक्ससी हा प्रोग्राम त्यावर मस्त चालतो. प्रोग्राम मात्र मूळ साइटवरूनच घ्या. शोधताना वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक नको. कीपासचे बनावट इन्स्टॉलर असेच पसरवल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. जुनी आवृत्तीही ठेवू नका. २०२३ मध्ये कीपास २ मध्ये अशी फट सापडली होती की मेमरीतून पहिलं अक्षर सोडून जवळजवळ सगळा मास्टर पासवर्ड काढता येई. २.५४ मध्ये ती बुजवली.

पुतण्यांना वेगळं खातं काढून द्या, ॲडमिनचा हक्क न देता. बाहेरून कोणी हाक मारली तर उठण्याआधी विंडोज आणि एल दाबायची सवय लावा. कीपासला आपोआप कुलूप लागायची वेळही दोन-चार मिनिटांवर आणा. झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरायला गेलात तर तिथल्या मशीनवर ही फाईल उघडायचीच नाही. अँड्रॉइडवर हीच फाईल उघडणारं कीपासडीएक्स ॲप आहे, फोनमध्ये पाहून हातानं टाइप करा.

आता तुम्ही विचारलंच नाही ते. आपल्याकडे लाइट कशी येते-जाते ते सांगायला नको. चोर येवो न येवो, हार्ड डिस्क एक दिवस जाणार. फाईलच्या प्रती दोन पेन ड्राइव्हवर ठेवा, त्यातला एक बहिणीच्या गावी. कीपासमध्ये 'पासवर्ड विसरलात?' असं बटण नसतं, म्हणून मास्टर पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि सातबाऱ्याच्या कागदांत ठेवा. पेन ड्राइव्हसोबत नको. की-फाईल, म्हणजे पासवर्डच्या जोडीला लागणारी किल्लीसारखी वेगळी फाईल, वापरत असाल तर तिचीही प्रत लागेल, ती हरवली की पासवर्ड पाठ असूनही फाईल उघडत नाही. आणि पेन ड्राइव्हवरची प्रत अधूनमधून फोनवर घेऊन उघडून पाहत जा.