दोन भाड्याच्या प्रॉपर्टी आहेत, पहिलीवर टॉप-अप लोन काढून तिसरी घ्यावी का?

तुमचा प्लॅन असा दिसतोय की पहिलीची किंमत वाढलीये, बँक टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, द्यायला तयार आहे, ते डाऊन पेमेंटला वापरून तिसरी घ्यायची आणि मग हेच करत चौथी, पाचवी. मी बरीच वर्षं कर्जाच्या फायली तपासायचं काम केलंय म्हणून आधीच सांगतो, बँक हो म्हणाली म्हणजे तुम्हाला झेपेल असं अजिबात नाही. बँक बघते तिचे पैसे वसूल होतील ना, तुमच्या हातात काही उरतंय का याच्याशी तिला फारसं घेणंदेणं नसतं.

आकडेच मांडू. प्रॉपर्टी १०० ची धरा, वर्षाचं भाडं ६. त्यातले रिकामे महिने, दुरुस्ती, टॅक्स, इन्शुरन्स मिळून पाव भाग गेला की राहिले ४.५. आता ७५ कर्ज काढलंत, ६ टक्क्यांनी, ३० वर्षांसाठी, तर वर्षाचे हप्ते होतात जवळपास ५.४, म्हणजे दरवर्षी ०.९ तुमच्या खिशातून. एका प्रॉपर्टीला हे चालून जातं, पण अशा चार झाल्या की पगार कुठे जातो तेच कळत नाही. तेच कर्ज ५० असेल तर हप्ते ३.६, आणि ४.५ भागिले ३.६ म्हणजे १.२५. हाच तो डीएससीआर, म्हणजे खर्च जाऊन उरलेलं भाडं हप्त्यांच्या किती पट आहे तो आकडा. भाड्याच्या उत्पन्नावर लोन देणारे बरेच जण साधारण १.२ - १.२५ मागतात आणि ते उगाच नाही, कारण रेट फ्लोटिंग, म्हणजे बदलता असेल आणि सुरुवातीलाच ६ चा ८ झाला तर त्याच ५० वरचे हप्ते ४.४ होतात, म्हणजे जवळजवळ सगळं भाडं बँकेला आणि एखादा गिझर बिघडला तरी पैसे घरून आणायचे.

बरं टॉप-अपचे पैसे हातात आले की ते कमाईसारखे वाटायला लागतात, पण ते कर्जच आहे आणि ज्या वाढलेल्या किमतीवर ते मिळालं ती व्हॅल्युअरने, म्हणजे बँकेसाठी किंमत ठरवणाऱ्याने, कागदावर लिहिलेली किंमत आहे. १०० चे ९० झाले, फक्त १० टक्के उतरले, तर ७५ कर्ज आहे तिथेच राहतं आणि तुमचे २५ चे १५ होतात, म्हणजे तुमच्या पैशातले ४० टक्के गेले. "भाडेकरू कर्ज फेडतोय की" असं म्हणणारे पण खूप भेटतात, तर वरच्याच कर्जात पहिल्या १० वर्षांत मुद्दलातलं फिटतं जेमतेम १६ टक्के, हप्त्यांतलं बाकी सगळं व्याज.

हे छोट्या माणसालाच होतं असंही नाही. लंडनचं कॅनरी व्हार्फ, म्हणजे तिथला ऑफिसांचा मोठा परिसर, उभं करणारी ऑलिंपिया अँड यॉर्क ही कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली. जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रॉपर्टी कंपन्यांपैकी एक होती, इमारती खऱ्या होत्या, पण मंदीत नव्या जागांना भाडेकरू मिळेनात आणि कर्जाच्या तारखा काही थांबल्या नाहीत.

आता काय करता येईल. टॉप-अप वाईटच असं माझं म्हणणं नाही, पण भाडं वाढलं असेल तरच काढा, नुसती किंमत वाढलीये म्हणून नको. आणि दोन्ही प्रॉपर्टी मिळून एकाच कर्जाला तारण द्या असं बँक म्हणाली तर शक्यतो टाळा, कारण उद्या अडचणीत एक विकायची वेळ आली तर बँकेने सोडल्याशिवाय ती विकता येत नाही आणि नेमकं तेव्हाच बँक अडून बसते. फायलींमध्ये हे इतक्यांदा बघितलंय की याबाबतीत मी जरा हट्टी आहे. सहा महिन्यांचे सगळे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवा, आणि ते डाऊन पेमेंटमध्ये धरू नका, प्लीज. कमी भाडं देणारी एक विकून त्या पैशात चांगली घेणं हाही मार्ग आहे, लोकांना तो का सुचत नाही काय माहीत, बहुतेक "किती प्रॉपर्टी आहेत" हा आकडा कमी झालेला आवडत नाही.

तुमच्या दोन्हींचे गेल्या वर्षीचे खरे खर्च काढा, टॉप-अप आणि तिसरीचं लोन धरून सगळे हप्ते २ टक्के जास्त व्याजाने मांडा, आणि तिन्हींचं मिळून भाडं त्याला पुरत नसेल तर तिसरीचं टोकन देऊ नका.