मॅकवर विंडोजची प्रोग्रॅमिंग साधने : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे एम-मालिकेतील प्रोसेसर आणि १६ गिगाबाइट मेमरी असलेला मॅकबुक आहे. नव्या कामात डॉट नेट फ्रेमवर्कवर (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम लिहिण्याचा पाया) लिहिलेला एक जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम सांभाळायचा असून त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ (प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन) आणि एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) लागतात. हे व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मॅकवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, चालेल का, की वेगळा विंडोज संगणक घ्यावा?

उत्तर : बहुतांश काम चालेल, पण एसक्यूएल सर्व्हरची सोय वेगळी करावी लागेल. २०२० च्या अखेरीस अ‍ॅपलने इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःचे, आर्म रचनेचे (इंटेलपेक्षा वेगळ्या आज्ञांवर चालणारे) प्रोसेसर वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून या प्रश्नाचे स्वरूपच पालटले आहे. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प या मॅकमधील साधनाच्या साहाय्याने नेहमीचे विंडोज थेट बसवता येत असे. आपल्या मॅकवर ती सोय नाही, आणि व्हर्च्युअल मशीनमध्येही आर्मसाठीचे विंडोज ११ च बसवावे लागते. पॅरलल्स डेस्कटॉप या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ते चालवण्यास मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. व्हीएमवेअर फ्यूजन हा दुसरा चांगला पर्याय असून तो २०२४ च्या अखेरीपासून सर्वांसाठी विनामूल्य आहे.

व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ ची १७.४ ही आवृत्ती आणि त्यानंतरच्या आवृत्त्या आर्मवर मूळ रूपात चालतात, आणि डॉट नेट फ्रेमवर्क ४.८.१ मध्येही आर्मचा आधार आहे. इंटेलसाठी बांधलेले ३२ आणि ६४ बिटचे सामान्य प्रोग्रॅम विंडोज ११ अनुकरणाने, म्हणजे इंटेलच्या आज्ञा आर्मच्या आज्ञांत बदलून, चालवते. आपल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ३२ बिटचे एखादे डीएलएल (प्रोग्रॅम वापरतो ती तयार कोडची फाईल) असेल, तर प्रकल्पाचे लक्ष्य स्पष्टपणे एक्स८६ (म्हणजे ३२ बिट) ठेवा, कारण एकाच प्रक्रियेत ३२ आणि ६४ बिटचे भाग एकत्र लोड होत नाहीत.

एसक्यूएल सर्व्हर मात्र आर्मच्या विंडोजवर चालवण्यास मायक्रोसॉफ्टचा आधार नाही. त्यामुळे सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर ठेवावा, किंवा मॅकवरच डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) त्याची लिनक्स आवृत्ती रोझेटाच्या (इंटेलचे प्रोग्रॅम मॅकवर चालवणारी सोय) आधारे चालवून व्हर्च्युअल मशीनमधून तिला जोडून घ्यावे. प्रोग्रॅम लिहिण्या-तपासण्यापुरती ही दुसरी व्यवस्था पुरेशी ठरते, मात्र जोडणीच्या पत्त्यात लोकलहोस्ट (म्हणजे ‘हेच यंत्र’) लिहून चालणार नाही. व्हर्च्युअल मशीनला दिसणारा मॅकचा पत्ता तेथे द्यावा लागतो.

विंडोजला साधारण निम्मी, म्हणजे ८ गिगाबाइट मेमरी द्या. अधिक दिली की मॅकओएसची आणि डॉकरची ओढाताण होते आणि दोन्ही बाजू मंदावतात. या मॅकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही, हे नवीन यंत्र घेणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावे. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन : आपला प्रोग्रॅम वापरणाऱ्यांकडे इंटेल किंवा एएमडीचे संगणक असतील, तर वेगाची मोजणी आणि अंतिम चाचणी तशाच संगणकावर करा. अनुकरणाखाली मिळालेले आकडे त्यांच्या अनुभवाविषयी फारसे काही सांगत नाहीत.

प्रश्न : प्रकल्पाचा फोल्डर मॅकवर ठेवून तो विंडोजमधून उघडतो. बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणे) फार सावकाश होते आणि कधी कधी फायली सापडत नसल्याच्या चुका येतात. कारण काय असावे?

उत्तर : सामायिक फोल्डर विंडोजला नेटवर्कवरच्या जागेसारखा दिसतो. बिल्डच्या वेळी हजारो छोट्या फायली उघडल्या आणि लिहिल्या जातात, आणि त्यातील प्रत्येक फाईल व्हर्च्युअल मशीनची सीमा ओलांडून ये-जा करते. शिवाय काही साधनांना नेटवर्कवरचा पत्ता नीट हाताळता येत नाही. म्हणून मूळ कोड व्हर्च्युअल मशीनच्या सी ड्राइव्हवर ठेवा आणि मॅकशी देवाणघेवाण गिटमार्फत (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) करा. असे केल्यावर स्नॅपशॉटवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या जतन केलेल्या आधीच्या स्थितीवर, परत गेलात तरी गिटच्या सर्व्हरवर पोहोचलेले काम हरवत नाही. स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. तो त्याच मशीनच्या फायलींवर अवलंबून असतो आणि त्या बिघडल्या की त्याच्यासकट सगळे जाते.

प्रश्न : आमच्या उपकरणाला यूएसबीने जोडण्यासाठी उत्पादकाचा विंडोज ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) लागतो. तो व्हर्च्युअल मशीनमध्ये बसत नाही.

उत्तर : ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतात आणि अनुकरणाची सोय तेथपर्यंत पोहोचत नाही. उत्पादकाकडे आर्म६४ साठीचा ड्रायव्हर आहे का, हे प्रथम विचारा. तो नसेल, तर व्हर्च्युअल मशीनचे कोणतेही सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. तेवढ्या कामासाठी इंटेल किंवा एएमडीचा एक विंडोज संगणक ठेवावा, उपकरण त्याला जोडावे आणि मॅकवरून रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करावे.