वनस्पतिशास्त्रात बीएस्सी झालंय, चित्रं हुबेहूब काढतो. वैज्ञानिक चित्रकार म्हणून पोट भरेल का?

भरेल, पण सुरुवातीची काही वर्षं फक्त त्यावर नाही. मी पुण्यात हेच काम करते. पहिली चार वर्षं सकाळी शाळेत शिकवायचे आणि दुपारनंतर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायचे.

तुम्ही लिहिलंय, ‘चित्रं हुबेहूब काढतो’, म्हणजे फोटोसारखी. फोटोसारखं कुणाला नकोच असतं हो, फोटो त्यांच्याकडे असतो. फोटोत एका झाडाचं एक फूल येतं, शेजारचं किडीनं खाल्लेलं पानही येतं. चित्रात त्या जातीचं फूल यावं लागतं.

माझं पहिलं काम कंदीलपुष्पाचं, म्हणजे सेरोपेजियाचं. आठवडाभर छटेसाठी ठिपके देत बसले होते, प्लेट (म्हणजे छापायचं चित्रांचं पान) देखणी झाली होती. संशोधक बाईंनी पाहिली आणि एवढंच विचारलं, ‘‘फुलाची नळी उभी चिरून बघितलीस?’’ नव्हती बघितली. आतले केस मी वरून डोकावून, अंदाजानं वर वळलेले काढले होते. ते असतात खाली वळलेले. माशी आत घसरते आणि केस सुकेपर्यंत तिला बाहेर पडता येत नाही. फुलाचं सगळं कसब त्या केसांत, आणि मी तेच उलटं काढलेलं! प्लेट बाद, पैसे शून्य. राग आला होता, पण चूक माझीच होती.

कामं मिळतात ती ओळखीतून. नवी जात प्रसिद्ध करायची तर बरोबर रेखाचित्रांची प्लेट सहसा लागतेच, त्यामुळे तुमच्या कॉलेजातल्या पीएचडी करणाऱ्यांना गाठा. परवानगी काढून एखाद्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात बसा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आहे, आघारकर संस्थेचं आहे. वाळलेलं फूल पाण्यात उकळून मऊ केलं की पाकळ्या उलगडतात, हे तिथेच शिकाल. शोधनिबंधांच्या कामात पैसा थोडा. तो पाठ्यपुस्तकं, उद्यानांतले माहितीफलक, संग्रहालयं यांत जरा बरा मिळतो. निम्मी रक्कम आधी घ्या. चित्राखाली नाव येणार का आणि हक्क कुणाचे, हे लेखी ठरवा. (ओळखीतल्यांशी तर नक्कीच.)

चित्र छापायच्या आकाराच्या दुप्पट काढतात. म्हणून ०.१ मिमीच्या पेनचा मोह आवरा; निम्मं झाल्यावर ती रेघ गायब होते. टॅबलेटवर काढलंत तरी हिशेब तोच.

डिग्री-कोर्सचं नंतर बघू. आधी एक जास्वंद घ्या, ब्लेडनं उभी चिरा. पुंकेसरांच्या नळीतून कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, कसा वर जातो ते काढा आणि चित्रकाराला नाही, वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवा. शेजारी स्केल बार, म्हणजे माप दाखवणारी रेघ, हवाच. नुसतं ‘५ पट’ लिहिलंत, तर छापताना चित्र लहान झालं की ते खोटं ठरतं.